तव्यावरचा फोम

गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो, की अवघड कामं सगळी संपलेली असतात. हजारो रिव्हेट ठोकून झालेले असतात, इंजिन बसलेलं असतं, तारा ओढून झालेल्या असतात. उरतं ते केबिन आतून नीटनेटकं करणं. मग तो करड्या फोमची एक गुंडाळी आणतो. फोमच्या पाठीला चिकट थर, त्यावर सोलायचा कागद आणि लेबलावर ठळक अक्षरांत 'ज्वालारोधक'. कागद सोलायचा, फोम पत्र्यावर दाबायचा, की झालं. एका दुपारचं काम. अख्ख्या विमानातलं हे सगळ्यात सोपं काम, त्यामुळे त्याचा विचारही सगळ्यात कमी होतो.

लेबलावरचा तो शब्द खोटा नसतो. पण तो एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर असतो आणि तो प्रश्न लेबलावर छापलेला नसतो. कुणी ज्वाला लावली, केवढी लावली, किती सेकंद लावली, तुकडा उभा होता की आडवा, नवा होता की तेल प्यायलेला? ध्वनिरोधक साहित्याची सुरक्षितता या तपशिलांवर ठरते.

ज्याचं विमान, त्याची जबाबदारी

घरगुती विमानांचा खरा मुलूख अमेरिका. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत अशा हौशी मंडळींची संघटना सुरू केली. १९७० पासून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी दर उन्हाळ्यात तिची जत्रा भरते आणि तिथे घरी बांधलेल्या विमानांच्या रांगाच्या रांगा गवतावर उभ्या दिसतात. एकट्या व्हॅन्स कंपनीच्या 'आरव्ही' मालिकेतली, सुट्या भागांचा संच मागवून लोकांनी स्वतः जोडलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. अट एकच : विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं.

या स्वातंत्र्याला दुसरी बाजू आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या केबिनमधलं कापड, फोम, गालिचा, सगळ्याला आगीच्या ठरावीक चाचण्यांतून जावं लागतं. घरगुती विमानाला हे बंधन नाही. म्हणून तर अशा विमानात प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलंय आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही. तपासनीस येतो, कागदपत्रं बघतो, विमान बघतो. मात्र गालिच्याखाली कुठला फोम चिकटवलाय, हे ठरवणारा माणूस एकच : बांधणारा.

आपल्याकडे हा छंद फारसा रुजला नाही, पण अगदीच अनोळखीही नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. नोंदणीपर्यंत पोचायला त्यांना सरकारी दारं किती ठोठावावी लागली, तेही महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून वाचलं. पण आतल्या भिंतीला काय लावायचं, हा निर्णय गच्चीवर काय आणि गॅरेजात काय, बांधणाऱ्याचाच.

नव्वद ठोक्यांचा आवाज

आधी आवाजाचं गणित पाहू. लहान विमानातला सर्वसाधारण चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २७०० फेरे घेतं असं धरा. म्हणजे सेकंदाला ४५. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ९० स्फोट. पंखा दोन पात्यांचा असेल तर तोही सेकंदाला ९० वेळा हवा कापतो. केबिनमध्ये छातीत घुमतो तो हा ९० हर्ट्झचा घरघराट. त्यावर वाऱ्याचा सूंऽऽ आवाज आणि पत्र्यांची थरथर चढते.

९० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी पावणेचार मीटरच्या आसपास भरते. सच्छिद्र फोम आवाज शोषतो तो छिद्रांत हवेला घासून, आणि ते नीट साधायचं तर फोमची जाडी लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याजवळ असावी लागते. म्हणजे जवळपास एक मीटर! दोन आसनी विमानात एवढा फोम लावला तर वैमानिकाला बसायला जागा उरायची नाही. एक-दोन सेंटिमीटरचा फोम वाऱ्याची शीळ कमी करतो. इंजिनाच्या घरघरीला तो जवळजवळ दिसतच नाही.

खालचे सूर अडवायचे तर वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं की पलीकडे जाणारा आवाज ढोबळमानाने सहा डेसिबलने कमी होतो. पण विमानात वजन वाढवणं म्हणजे तेवढं इंधन किंवा तेवढं सामान खाली ठेवणं. मोटारीच्या दारात लावतात ते डांबराचे किंवा ब्यूटाइल रबराचे पट्टे पत्र्याची थरथर छान मारतात, मात्र चौरस मीटरला काही किलो भरतात. म्हणून अनुभवी बांधणारे फोमची गुंडाळी आणण्याआधी दाराच्या फटी, काचेचे सांधे आणि तारांची भोकं बुजवतात. फटीतून येणारा आवाज भिंतीला फोम लावून थांबत नाही. आणि फट बुजवण्याने वजनही फारसं वाढत नाही.

तरीही फोम लागतोच. कारण तो स्वस्त असतो, हलका असतो आणि लावल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं. आणि लागतो कुठे? जिथून सगळ्यात जास्त आवाज येतो तिथे : इंजिन आणि वैमानिकाचे पाय यांच्या मधल्या भिंतीला.

तवा आणि भाकरी

या भिंतीला विमानवाले फायरवॉल म्हणतात. इंजिनाच्या खोलीत आग लागली तर ती माणसांपर्यंत येऊ नये, एवढ्यासाठीच ती असते. अमेरिकन नियमांच्या भाषेत 'फायरप्रूफ' म्हणजे सुमारे १०९३ अंश सेल्सियसच्या ज्वालेपुढे पंधरा मिनिटं टिकणारं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे ते इथे चालत नाही. स्टेनलेस स्टील चालतं. लहान विमानांच्या नियमांत ०.३८ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस पत्रा चाचणीशिवायही मान्य होत आलाय. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याचा पत्रा जवळपास एवढाच असतो.

चुलीवरचा तवा आठवा. खाली जाळ धडधडत असतो. तव्याला भोक पडत नाही, जाळ आरपार येत नाही. तव्याच्या दृष्टीने सगळं नियमात असतं. पण वर टाकलेली भाकरी उलटायला विसरलात तर ती करपते, धूर निघतो, आणि अगदीच दुर्लक्ष केलंत तर पेटतेही.

फायरवॉल हा तसाच तवा. इंजिनाकडून ज्वाला आदळली की पातळ पत्रा बघता बघता लालभडक होतो. ज्वाला त्याने अडवलेली असते, उष्णता अडवलेली नसते. आणि केबिनच्या बाजूने या तव्याला जो फोम चिकटवलाय ती आपली भाकरी. पॉलियुरेथेनचा फोम ३०० अंशांच्या आसपास विघटित व्हायला लागतो. चिकट थर तर त्याही आधी मऊ होऊन वाफा सोडतो. लालभडक पत्रा त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणजे भिंत भेदली गेली नाही, ज्वालेचा एक थेंबही आत आला नाही, तरी वैमानिकाच्या बुटांपुढे धूर सुरू होतो. आग पलीकडे, धूर अलीकडे.

म्हणूनच जाणकारांचा पहिला सल्ला असतो, की फायरवॉलला काही लावायचंच असेल तर इंजिनाच्या बाजूने लावा. तिथे सिरॅमिक तंतूंचा कागदासारखा थर, बाजारात 'फायबरफ्रॅक्स' नावाने मिळतो तसा, आणि त्यावर पातळ स्टेनलेसची पन्नी. हा थर बाराशे अंशांच्या वर तापमान सोसतो आणि पत्र्याला तवा होऊ देत नाही. पन्नीच्या कडा बंद करायच्या, म्हणजे तंतूंत तेल शिरत नाही. कापताना तोंडाला मास्क हवा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना बरी नाही.

आणि भिंतीतली भोकं विसरू नयेत. नियंत्रणाच्या तारा, इंधनाची नळी, केबिन गरम करणाऱ्या हवेची झडप, हे सगळं याच भिंतीतून आत येतं. भिंत स्टीलची आणि झडप अॅल्युमिनियमची असेल तर आगीत झडप वितळते आणि तव्याला आयतं भगदाड पडतं.

वात

केबिनच्या जमिनीवरच्या फोमची गोष्ट वेगळी. पंखात इंधन असलेल्या अनेक लहान विमानांत इंधनाची नळी केबिनमधूनच जाते. डावी टाकी की उजवी, हे ठरवणारी झडप दोन्ही माणसांच्या मध्ये असते. एखादा सांधा वर्षानुवर्षं थेंबथेंब पाझरत असतो. अशा जागी खुल्या छिद्रांचा फोम ठेवणं म्हणजे पणतीत वात ठेवणं.

वातीचं वैशिष्ट्य असं, की कापूस स्वतः फारसा जळत नाही. तो तेल वर ओढतो आणि तेल जळतं. तेल आहे तोपर्यंत वात टिकते. फोमने पेट्रोल किंवा तेल शोषलं की त्याच्यात मिसळलेलं ज्वालारोधक रसायन जवळजवळ निरर्थक होतं. लेबलावरची चाचणी कोरड्या, कोऱ्या तुकड्यावर झालेली असते. तुमच्या फोममध्ये दहा वर्षांचं तेल, धूळ आणि ओल साठलेली असते. ओल धरून ठेवणारा फोम खालच्या अॅल्युमिनियमला गंज लावतो, तो त्रास वेगळाच. म्हणून जमिनीवर बंद छिद्रांचं, तेल न पिणारं, आणि मुख्य म्हणजे सहज उचलून खाली बघता येईल असं साहित्य हवं. सोल्यूशन लावून कायमचं चिकटवलेल्या फोमखाली काय पाझरतंय, ते वासावरूनच कळतं. म्हणजे उशिरा.

पास झालेलं साहित्य

हौशी माणूस चुकतो, कारखाने चुकत नाहीत, असं वाटत असेल तर २ सप्टेंबर १९९८ ची रात्र आठवावी. स्विसएअरचं १११ क्रमांकाचं एमडी-११ विमान न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं होतं. उड्डाणानंतर तासाभराच्या आत वैमानिकांना कॉकपिटमध्ये काहीतरी जळाल्याचा वास आला. त्यानंतर सुमारे २१ मिनिटांनी विमान कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यालगत, पेगीज कोव्हजवळ समुद्रात कोसळलं. २२९ जण गेले.

कॅनडाच्या तपास मंडळाने साडेचार वर्षं खपून, समुद्रतळावरून तुकडे काढून, मार्च २००३ मध्ये अहवाल दिला. कॉकपिटच्या वरच्या पोकळीत तारेतून ठिणगी उडाली असावी. ठिणगी लहानच होती. पण शेजारी उष्णता आणि आवाज अडवणाऱ्या ब्लँकेटांचे थर होते. आत काचेचे तंतू, जे जळत नाहीत, आणि बाहेर धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टरची चकचकीत पन्नी. आग पन्नीवरून पसरत गेली.

आणि ही पन्नी चाचणीत पास झालेली होती. त्या वेळची चाचणी अशी : तुकडा उभा टांगायचा, खालून बन्सन बर्नरची ज्वाला बारा सेकंद धरायची, काढायची, मग तो किती वेळ जळत राहतो ते पाहायचं. पातळ पन्नी ज्वालेपासून आक्रसून मागे सरकते. ज्वालेला खायला काही मिळत नाही, आणि चाचणी संपते. प्रत्यक्षात पोकळीच्या बंद जागेत सगळीकडून उष्णता मिळाली की आक्रसायला जागा उरत नाही. चाचणीने जे विचारलं त्याचं उत्तर पन्नीने बरोबर दिलं होतं. प्रश्नच अपुरा होता.

पुढे अमेरिकेने त्या पन्नीची ब्लँकेट काढायला लावली आणि २००३ मध्ये नवी चाचणी आणली. आता वरून तापलेला फलक उष्णतेचा मारा करतो आणि त्या अवस्थेत ज्वाला लावतात. ज्वाला दोन इंचांपलीकडे पसरता कामा नये. गॅरेजमधल्या माणसाने यातून एक गोष्ट उचलावी : काचेचे तंतू जळत नाहीत म्हणून गादी सुरक्षित होत नाही. गादी म्हणजे तंतू, पन्नी, शिलाईचा दोरा, पट्टी आणि सोल्यूशन. यातलं सगळ्यात जळकं असेल तसं आपलं साहित्य वागतं.

वेळ कमी, हवा कमी

नुसत्या ध्वनिरोधक फोमने काय होतं, ते जमिनीवरही पाहायला मिळालंय. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबमध्ये रंगमंचावरच्या शोभेच्या दारूने भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमला आग लागली. शेजाऱ्यांना गाण्याचा त्रास होऊ नये म्हणून लावलेला तो फोम. शंभर माणसं मेली. नंतरच्या तपासात दिसलं, की नाचण्याच्या जागेत दीड मिनिटाच्या आसपासच माणूस टिकणार नाही अशी हवा झाली होती. जमिनीवर, दारं जवळ असताना.

आता विमान घ्या. पाच हजार फुटांवर आहात, मिनिटाला दीड हजार फूट या वेगाने घाईने खाली येताय. जमिनीला टेकायला तीन मिनिटं वीस सेकंद लागतात, तेही खाली उतरायला जागा असेल तर. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइडही सोडतं. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ५० भाग झाले की ती हवा जिवाला तत्काळ घातक मानली जाते. दोन आसनी केबिनमध्ये दीड घनमीटर हवा धरली तर हे प्रमाण गाठायला ८० मिलिग्रॅमच्या आसपास वायू पुरतो. चिमूटभर मिठापेक्षाही कमी. केबिनमधून वारा वाहत असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा बदलेल. पण आपण किती छोट्या डब्यात बसलोय ते यावरून लक्षात यावं. विमानात धूर आधी डोळ्यांतून आणि डोक्यातून वैमानिकाला काढून घेतो. ज्वाला नंतर येते.

गॅरेजातली परीक्षा

म्हणून जाणकार बांधणारे साहित्य विकत घेतात आणि लावण्याआधी जाळून पाहतात. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, शेजारी वाळूची बादली ठेवून. बोटभर तुकडा लांब चिमट्यात उभा धरायचा, खालून ज्वाला बारा सेकंद, मग बाजूला.

साधा पॉलियुरेथेन फोम आधी अंग चोरून मागे सरतो. क्षणभर वाटतं, पेटणार नाही. मग पिवळी ज्वाला धरते, काळ्या काजळीच्या लडी वर जातात आणि वितळलेले थेंब टपटप पडतात, पडताना जळत असतात. ज्या गालिच्यावर ते पडतील तिथे दुसरी आग सुरू होते. मेलामाइनचा फोम वेगळा वागतो. भिंतीवरचे डाग पुसायला 'मॅजिक स्पंज' म्हणून जो पांढरा तुकडा दुकानात मिळतो, तोच हा. तो आधी तपकिरी, मग काळा होतो. थेंब पडत नाहीत, ज्वाला काढली की कोळशासारखा थांबतो. घनमीटरला दहा किलोच्या आसपास वजन, म्हणून विमानवाल्यांना तो आवडतो. पॉलिइमाइडचा फोम त्याहूनही काटक आणि त्याचा धूरही कमी, पण महाग.

लोकर घ्या. आपल्या आज्यांनी पेटलेल्या पदरावर घोंगडी टाकायला उगाच सांगितलं नव्हतं. लोकर नीट जळत राहायला हवेत सुमारे २५ टक्के ऑक्सिजन लागतो. आपल्या हवेत तो २१ टक्के आहे. त्यामुळे लोकरीचा तुकडा केस जळल्यासारखा वास मारतो, गुंडाळतो आणि ज्वाला काढली की बहुतेकदा विझतो. मात्र त्याच्या धुरातही सायनाइड असतं, हे विसरायचं नाही.

सगळ्यात शिकवणारा तुकडा असतो तो चिकटवलेला. तोच फोम स्टीलच्या पट्टीवर सोल्यूशनने लावायचा आणि ज्वाला पट्टीच्या मागून द्यायची. तव्याची परीक्षा. अनेक ज्वालारोधक तुकडे इथे नापास होतात, कारण ज्वालारोधक फोम होता, त्यामागचा चिकट थर नव्हता.

एक मर्यादा ध्यानात ठेवायची. घरची ही परीक्षा नापास करण्यासाठी असते, पास करण्यासाठी नाही. बोटभर तुकडा पेटला तर तो साहित्यातून बाद. पेटला नाही तर एवढंच कळलं, की बोटभर तुकडा बारा सेकंदांत पेटला नाही. स्विसएअरच्या पन्नीलाही लोकांनी एवढंच विचारलं होतं.

कानावरची भिंत

मग ९० हर्ट्झच्या त्या घरघराटाचं काय करायचं? एक उत्तर हौशी विमानांच्याच जगाजवळ सापडलं. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी 'व्हॉयेजर' विमान कुठेही न उतरता, इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीभोवती फिरवलं. इंधनाचा थेंब न् थेंब मोजून भरलेल्या त्या विमानात भिंतींना ध्वनिरोधक थर लावण्याची चैन परवडणारी नव्हती. त्यांनी कानाला लावले ते बोस कंपनीचे प्रायोगिक हेडसेट. आत मायक्रोफोन आवाज ऐकतो आणि स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लहर कानाजवळच सोडतो. दोन्ही एकमेकांना खातात. १९८९ पासून असे हेडसेट वैमानिकांना विकत मिळू लागले.

गंमत म्हणजे ही युक्ती नेमकी खालच्या सुरांवर उत्तम चालते, जिथे फोम हात टेकतो. वरच्या सुरांना हेडसेटची गादीच पुरते. म्हणजे भिंतीवर एक मीटर फोम लावून जे साधलं असतं ते कानावरच्या दोन वाट्यांत बसतं. आणि त्या वाट्या तव्याला चिकटवलेल्या नसतात.

ऑशकॉशच्या गवतावर उभ्या असलेल्या एखाद्या विमानात डोकावलात तर पायांपुढची भिंत कधीकधी नागडी दिसते. गालिचा नाही, फोम नाही, स्टीलचा चकचकीत पत्रा आणि त्यावर रिव्हेटांच्या रांगा. पाहुण्याला वाटतं, पैसे संपले किंवा कंटाळा आला, म्हणून काम अर्धवट सोडलं असणार. बाजूच्या भिंतींना पांढरा फोम नेटका लावलेला असतो, जमिनीवरचा गालिचा उचलता येतो, हेडसेट हुकाला लटकत असतात. तेवढी एकच भिंत राहिलेली. मालकाला विचारलंत तर तो सांगेल, की तिचं काम पहिल्या दिवशीच पूर्ण झालं होतं.